विजारीची कैफियत

घरी आखलेल्या कागदावरून बेतलेली विजार अंगाला नीट बसत नसेल तर दोष आधी कागदात शोधावा आणि कात्रीला मागाहून हात लावावा, हे मी आज ज्या ठामपणे सांगतो आहे त्याच्या निम्म्या ठामपणाने जरी आमच्या शिवणवर्गाच्या मास्तरांनी सांगितले असते, तरी एक उत्तम लोकरी कापड चिंध्यांच्या गाठोड्यात जमा झाले नसते.

त्या कापडाच्या विजारीची कंबर, सीट, मांडी आणि मोहरी ही मापे बिनचूक होती. तरीही चार पावले टाकली की मागे सीटखाली तिरप्या चुण्या पडत. मागचे आसन आखूड पडत असावे, ही शंका मी प्रारंभीच मास्तरांपुढे रुजू केली होती. ती त्यांनी पुरती ऐकूनही न घेता नामंजूर केली. "अहो, कागद खोटा नाही, तुमची ठेवणच मापाबाहेरची!" असे साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत त्यांनी बाजूच्या दोन्ही टिपा उसवल्या, अर्धा-अर्धा इंच सैल सोडल्या, आणि मला आरशापुढे उभे करून, स्वतः पाठीमागे राहून, सीटखालचे ढिले कापड चिमटीत धरीत विचारले, "आता कशी झकास बसली?" चिमटीत धरल्यावर कोणतीही विजार झकासच बसते! चिमूट सुटताच चुण्या पुनश्च हजर झाल्या, तेव्हा माझी हरकत न जुमानता त्यांनी आसनाची खाच आणखी खोल कापली. परिणामी पाऊल उचलले की सबंध विजारच वर ओढली जाऊ लागली.

या साऱ्या प्रकारात त्यांनी मला एकदाही बसून पाहू दिले नाही. घरी येऊन खुर्चीवर बसलो मात्र, कमरपट्टी पुढे जागच्या जागी राहून मागे चार बोटे खाली घसरली, आणि खटल्याचा निकाल तिथेच लागला. अंगाला उत्तम बसणारी एक जुनी विजार काढून, टेप कडेवर उभी धरून, तिच्या मागच्या आसनाची शिवण कमरेपासून मांडीच्या सांध्यापर्यंत वळणावळणाने मोजली, व तशीच कागदावर मोजली. कागद दीड इंच आखूड भरला. माझी शंका अक्षरशः खरी होती.

तेव्हा इतरांसाठी तपशील देतो. मागच्या भागाच्या कागदावर, सीटच्या रुंद जागी, आसनाच्या शिवणीकडून बाजूच्या शिवणीकडे आडवा छेद घ्यावा, पण बाजूला सुतभर कागद जोडलेला ठेवावा. मग आसनाकडे जितकी तूट असेल तितकी पाचर उघडून खाली कागद चिकटवावा आणि आसनाची रेघ एकसंध आखावी. बाजूच्या शिवणीची लांबी यात बदलत नाही. तिथे आलेला किंचित कोन तेवढा सारखा करावा. उभ्या धाग्याची खूण पाचरीखालच्या भागावरूनच वर वाढवावी, नाहीतर पाय पिळला जातो. चुण्या पुढेही जांघेपासून फुटत असतील तर पुढच्या आसनाचे टोक पाव इंच वाढवावे, आणि दर बदलानंतर आतल्या दोन्ही शिवणी एकमेकींवर ठेवून लांबीची खातरजमा करावी. शिवणीसाठी सोडलेला दाब कोणत्याही मोजणीत धरू नये. चाचणीसाठी मांजरपाट घ्यावा, तो आधी भिजवून आटवावा, कच्ची टीप घालावी, आणि उभे राहून, चालून व मुख्यतः बसून पाहावे. मागच्या भागाला कमरेवर दीड इंच जास्त कापड ठेवावे. वाढवलेले पुढे कापता येते, कापलेले वाढत नाही. बाकी कात्रीला धार असावी, उजेड भरपूर असावा, घाई करू नये, हे सर्वांना ठाऊकच असते.

आणि ज्या गृहस्थांस कागदापेक्षा दुसऱ्याच्या देहाचाच दोष आधी दिसतो, त्यांच्या हाती कात्री देऊ नये. आमचे मास्तर हल्ली ही पाचर स्वतःची युक्ती म्हणून वर्गात शिकवतात, असे कानी आले आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही; लोकरी कापडाच्या भरपाईचा विषय तेवढा त्यांनी आपण होऊन काढावा, एवढीच अपेक्षा आहे.