नावे जाहीर करावीत काय?

अभ्यासपाठ
शास्त्रवाचन : नहेम्या ५:१–१४, मत्तय १:१८–१९, १ तीमथ्य ५:१९–२१



एखादी मोठी कंपनी स्वतःच्या अविचाराने बुडू लागते. सरकार जनतेच्या पैशाने तिला वाचविते. आणि काही महिन्यांतच त्याच कंपनीतील काही नोकरांच्या हाती लक्षावधींचा बोनस पडतो. अशा वेळी बोनस घेणाऱ्यांची नावे जाहीर करावीत काय? प्रथमदर्शनी उत्तर सोपे वाटते. पैसा जनतेचा, मग तो कोणाच्या खिशात गेला हे जनतेस कळलेच पाहिजे. परंतु न्यायाची मागणी आणि सूडाची मागणी पुष्कळदा एकाच शब्दांत केली जाते. यास्तव या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे. त्यासाठी २००९ साली अमेरिकेत घडलेले एक प्रकरण आपण समोर ठेवू.

१. काय घडले?

अमेरिकन इंटरनॅशनल ग्रुप, म्हणजेच एआयजी, हे नाव आपल्याकडेही अपरिचित नाही. २००१ पासून टाटा उद्योगसमूहाच्या भागीदारीत या कंपनीने भारतात विमाव्यवसाय केला, आणि अनेक घरांतील पॉलिसींवर हे नाव छापलेले होते. मूळ कंपनीचा विमाव्यवसाय जगभर पसरलेला होता. तिच्यावर संकट ओढवले ते मात्र मुख्यतः एका छोट्या शाखेमुळे. ‘फायनान्शियल प्रॉडक्ट्स’ नावाच्या या शाखेने मोठमोठ्या बँकांशी करार केले होते. अमुक कर्जे बुडाली तर आम्ही भरपाई देऊ, असे त्या करारांचे स्वरूप होते. घरकर्जांवर आधारलेल्या रोख्यांची किंमत कोसळू लागली, तेव्हा बँका कराराप्रमाणे अधिकाधिक तारण मागू लागल्या. ते देण्यास कंपनीजवळ पैसा उरला नाही.

१६ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने कंपनीस ८,५०० कोटी डॉलरचे कर्ज देऊ केले, आणि मोबदल्यात कंपनीचा सुमारे ८० टक्के हिस्सा सरकारकडे आला. पुढे या साहाय्याची एकूण मर्यादा सुमारे १८,२०० कोटी डॉलरपर्यंत गेली. २००८ च्या अखेरच्या तिमाहीत कंपनीस ६,१७० कोटी डॉलरचा तोटा झाला. अमेरिकेतील कोणत्याही कंपनीने तोवर एका तिमाहीत इतका तोटा दाखविला नव्हता.

मार्च २००९ मध्ये बातमी फुटली, की ज्या शाखेने कंपनी बुडविली तिच्याच नोकरांना सुमारे १६.५ कोटी डॉलर बोनस देण्यात आला आहे. त्यांपैकी ७३ जणांना प्रत्येकी दहा लाख डॉलर किंवा त्याहून अधिक रक्कम मिळाली होती. हा बोनस नोकरांनी सोडून जाऊ नये म्हणून होता, असे सांगण्यात आले. तथापि त्या ७३ जणांपैकी ११ जण कंपनी सोडून गेलेलेही होते! त्या वर्षी लाखो अमेरिकन कुटुंबांची नोकरी वा घर जात होते. जनतेचा क्रोध अनावर झाला, यात नवल नाही.

२. नावे मागणाऱ्यांची बाजू

या क्रोधास आपण हलके लेखू नये. नावे मागणाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. सरकार कंपनीचे बहुतांश मालक झाले, म्हणजे जनताच मालक झाली. आपल्या नोकरास काय दिले हे मालकास कळू नये काय? शिवाय गुप्ततेच्या आडोशाला अन्याय वाढतो. कंपनीने करारांकडे बोट दाखविले. पण सामान्य कामगाराचा करार मोडताना कंपन्या इतका संकोच करीत नाहीत, हे लोकांस ठाऊक होते.

१८ मार्च २००९ रोजी कंपनीचे प्रमुख एडवर्ड लिडी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे उभे राहिले. हे गृहस्थ संकटानंतर सरकारच्या विनंतीवरून आले होते आणि वर्षाला एक डॉलर वेतन घेत होते. एक लाख डॉलरहून अधिक बोनस घेणाऱ्यांना त्यांनी निम्मी रक्कम परत करण्याचे आवाहन केले होते. समितीचे अध्यक्ष बार्नी फ्रँक यांनी त्यांच्याकडे नावे मागितली. नावे गुप्त राहतील अशी हमी मिळाली तर देतो, असे लिडी म्हणाले. कारण सांगताना त्यांनी कंपनीकडे आलेल्या धमक्या वाचून दाखविल्या. अधिकाऱ्यांना त्यांच्या कुटुंबीयांसह ठार मारावे, अशी भाषा त्यांत होती.

येथे आपण क्षणभर थांबावे. बोनस नोकराने घेतला होता, आणि धमकी त्याच्या मुलाबाळांना मिळत होती.

३. नाव कोणाचे, आणि दोष कोणाचा?

नाव छापण्यापूर्वी विचारावयाचा पहिला प्रश्न हा, की त्या नावाच्या माणसाने नेमके काय केले? ते विनाशकारी करार काही थोड्या लोकांनी केले होते, आणि शाखेचा प्रमुख २००८ च्या आरंभीच पायउतार झाला होता. बोनस घेणाऱ्यांत असेही पुष्कळ होते, की ज्यांचा त्या करारांशी संबंध नव्हता आणि जे मागे राहून पसारा आवरीत होते. काहींनी लोभाने घेतला असेल, काहींनी वर्षभराच्या कामाचे कबूल केलेले वेतन म्हणून घेतला असेल. नावांच्या यादीत हा भेद दिसत नाही. तेथे सारे एकाच ओळीत उभे राहतात.

दुसरा प्रश्न असा, की यादीबाहेर कोण राहते? बोनसचे करार सरकारी साहाय्यापूर्वी, २००८ च्या आरंभी झाले होते. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेच्या कायदेमंडळाने साहाय्य घेतलेल्या कंपन्यांतील बोनसवर बंधने घातली, परंतु ११ फेब्रुवारीपर्यंत झालेल्या लेखी करारांना स्वतःच सूट दिली. अवघ्या महिनाभराने त्याच सभागृहांतून संतापाची भाषणे झाली. १९ मार्च रोजी प्रतिनिधिगृहाने अशा बोनसवर ९० टक्के कर बसविणारे विधेयक ३२८ विरुद्ध ९३ मतांनी संमत केले. सिनेटने मात्र ते कधीच संमत केले नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. त्याच दिवसांत, १५ मार्चला, कंपनीने दुसरी एक यादी प्रसिद्ध केली होती. कंपनीस मिळालेल्या साहाय्यातून कोणत्या बँकांची देणी भागविली गेली, हे तीत नावानिशी दिले होते. एकट्या गोल्डमन सॅक्सला सुमारे १,२९० कोटी डॉलर पोहोचले होते. सोसिएते जनराल व डॉइश बँक या युरोपीय बँकांनाही प्रत्येकी हजार कोटी डॉलरहून अधिक मिळाले होते. बोनसची रक्कम एकूण साहाय्याच्या हजारात एक भागही भरत नव्हती. तरी लोकांच्या तोंडी राहिला तो बोनस. बँकेला चेहरा नसतो, म्हणून तिच्यावर रागावणे कठीण जाते. चेहरा असलेला माणूस सापडला, की मोठा हिशेब विसरला जातो.

४. शास्त्र काय शिकविते?

नहेम्याच्या पाचव्या अध्यायात असाच प्रसंग आहे. गरिबांनी शेते व द्राक्षमळे गहाण टाकले होते, पोटची मुले दास्यात दिली होती, आणि धनवान आपलेच बांधव होते. नहेम्यास अतिशय क्रोध आला. तो क्रोध योग्यच होता. पण त्याने प्रथम मनाशी विचार केला, मग सरदार व अधिकारी यांस तोंडावर दोष दिला, आणि मोठी सभा भरविली. सभेत त्याने मागितले ते हे : शेते परत करा, घेतलेले व्याज परत करा. याजकांसमोर त्यांच्याकडून शपथ घेतली. त्या अध्यायात एकाही सावकाराचे नाव नोंदलेले नाही. दोष उघडपणे सांगितला गेला, भरपाई उघडपणे झाली, आणि दोषी माणसांना त्याच नगरात पुन्हा राहता आले. नहेम्याने स्वतः बारा वर्षे सुभेदारीचा भत्ता घेतला नाही, हेही तेथेच लिहिले आहे.

मत्तयाच्या पहिल्या अध्यायात योसेफास नीतिमान म्हटले आहे, ते त्याने मरीयेची बेअब्रू करू नये असे ठरविले त्या संदर्भात. त्याच्यापाशी जी माहिती होती तिच्यावरून मरीया दोषी दिसत होती, आणि ती माहिती अपुरी होती. त्याने नाव चव्हाट्यावर आणले असते, तर एका निष्पाप स्त्रीवर कायमचा कलंक बसला असता. चुकीने कापलेला बोनस पुढे परत देता येतो. चुकीने घालविलेली अब्रू परत देता येत नाही.

याचा अर्थ कोणाचेही नाव कधीच घेऊ नये असा नव्हे. तीमथ्यास लिहिताना पौल सांगतो, की वडिलावरील आरोप दोनतीन साक्षीदारांवाचून स्वीकारू नये, आणि जे पाप करीत राहतात त्यांचा दोष सर्वांदेखत दाखवावा. तेही पक्षपात न करता. येथे तीन अटी आहेत : मनुष्य जबाबदारीच्या स्थानी असावा, आरोपास पुरावा असावा, आणि नियम सर्वांना सारखा असावा. अधिकार जितका मोठा, तितका उघडेपणा अधिक.

५. मग मार्ग कोणता?

न्यूयॉर्क राज्याचे महाधिवक्ता अँड्र्यू कुओमो यांनी समन्स काढून नावांची यादी मिळविली. ती त्यांनी लगेच छापली नाही. जे बोनस परत करतील त्यांची नावे जाहीर करण्यात लोकहित नाही, असे त्यांनी म्हटले. २३ मार्चपर्यंत सर्वांत मोठा बोनस घेणाऱ्या २० जणांपैकी १५ जणांनी रक्कम परत करण्याचे मान्य केले. दरम्यान कंपनीने नोकरांना कंपनीचे चिन्ह असलेले कपडे घालून बाहेर न फिरण्याची सूचना दिली होती, आणि कनेक्टिकट राज्यात काही आंदोलक बस करून अधिकाऱ्यांच्या घरांपर्यंत गेले होते. ते शांततेने परतले. प्रत्येक वेळी तसेच घडेल असे मात्र नाही.

कुओमो यांच्या मार्गातही दोष होता, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. नाव छापण्याची टांगती तलवार दाखवून घेतलेला पैसा हा पूर्ण अर्थाने स्वेच्छेचा नव्हे. शिवाय राग ओसरल्यावर वचनेही सैल झाली. सुमारे साडेचार कोटी डॉलर परत करण्याचे कबूल झाले होते, पण ऑक्टोबर २००९ मधील सरकारी तपासणी अहवालानुसार तोवर सुमारे १.९ कोटी डॉलरच परत आले होते. म्हणून केवळ गुप्त समजूत पुरेशी नाही. वचन किती पाळले गेले, त्याचा आकडा जनतेपुढे वेळोवेळी आला पाहिजे.

नाव जाहीर करण्याचा न्याय्य मार्गही आहे. अमेरिकेत शेअरबाजारात नोंदलेल्या कंपन्यांना मुख्याधिकारी, वित्तप्रमुख आणि त्यांच्याखालोखाल सर्वाधिक वेतन घेणारे तीन अधिकारी यांचे वेतन दरवर्षी नावानिशी द्यावे लागते. आपल्या देशातही १९५६ च्या कंपनी कायद्यात ठरावीक मर्यादेपलीकडे वेतन घेणाऱ्या नोकरांची नावे संचालकांच्या अहवालाबरोबर देण्याची तरतूद होती, आणि २०१३ च्या कायद्याखालील नियमांतही अशी तरतूद आहे. येथे कोणावर अन्याय होत नाही. नियम आधीपासून ठाऊक असतो, तो सर्वांना लागू असतो, आणि वेतन स्वीकारतानाच मनुष्य तो मान्य करतो. क्रोधाच्या दिवशी मागितलेल्या यादीस यांपैकी एकही गोष्ट लागू पडत नाही.

तेव्हा, वाचकहो, निष्कर्ष असा : रक्कम जाहीर करावी, किती जणांना व कोणत्या कारणास्तव दिली ते जाहीर करावे, आणि ती देण्याचे ज्यांनी ठरविले त्यांची नावे अवश्य जाहीर करावीत. घेणाऱ्यांची नावे तपास करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती असावीत. ज्याचा अपराध चौकशीअंती सिद्ध होईल त्याचे नाव लोकांपुढे यावे. ज्याचा अपराध केवळ यादीत असणे एवढाच आहे, त्याचे नाव जमावाच्या हाती देऊ नये.

सरकारने एआयजीमधील आपले अखेरचे शेअर डिसेंबर २०१२ मध्ये विकले आणि साहाय्याची रक्कम सुमारे २,२७० कोटी डॉलरच्या लाभासह वसूल झाली. ज्यांची नावे त्या वेळी छापली गेली असती, त्यांच्या कपाळीचा डाग मात्र त्या वसुलीने पुसला गेला नसता.

आपल्या मंडळीत, शाळेत, रुग्णालयात वा पतसंस्थेत पैशाविषयी शंका निघते तेव्हाही वार्षिक सभेत पहिली आरोळी ‘नावे सांगा’ अशीच उठते. त्या वेळी कोणीतरी उठून प्रथम हिशेब, ठराव आणि सह्या मागाव्यात. कागद वाचून झाल्यावर कोणते नाव घ्यावयाचे, हे बहुधा आपोआप कळते. आणि कोणते घ्यावयाचे नाही, हेही कळते.

चर्चेसाठी प्रश्न

१. नहेम्याने सभा भरविण्यापूर्वी मनाशी विचार केला. आपल्या संस्थांत आरोप आणि सभा यांच्यामध्ये विचारास किती अवकाश मिळतो?
२. बोनस घेणारा आणि बोनस मंजूर करणारा यांच्या जबाबदारीत कोणता भेद आहे?
३. रक्कम परत करणाऱ्याचे नाव गुप्त ठेवणे ही दया आहे, की पक्षपात? १ तीमथ्य ५:२१ च्या आधारे सांगा.
४. आपल्या संस्थेतील वेतन व मानधन दरवर्षी जाहीर करण्याचा नियम आहे काय? नसल्यास तो शांततेच्या काळात कसा करता येईल?