रजिस्ट्रेशन नंबर आला का?

"सर, पोरगी पास झाली. फर्स्ट क्लास आहे. आता सिव्हिलला कुठं तरी लावून द्या."

चोपडा तालुक्यातले एक केळीवाले नाना माझ्यासमोर बसले होते. मांडीवर प्लॅस्टिकची फाइल, तिच्यात दहावीपासूनचे सगळे कागद, लॅमिनेशन करून चकचकीत केलेले. शेजारी बी.एस्सी. नर्सिंग झालेली मुलगी, गप्प. मी तिलाच विचारलं, "रजिस्ट्रेशन नंबर आला का?" तिनं वडिलांकडे पाहिलं. नाना म्हणाले, "निकाल लागला ना सर, आता नंबर कसला?"

जळगाव-धुळ्याच्या पालकांशी बोलताना माझी गाडी दर वर्षी याच स्टेशनावर अडते. पदवी देतं नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. जीएनएमची परीक्षा घेतं राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ. पण नर्स म्हणून काम करायची परवानगी देते ती मुंबईची महाराष्ट्र परिचर्या परिषद, म्हणजे आपण सगळे म्हणतो ती नर्सिंग कौन्सिल. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली ती चालते. बी.एस्सी. आणि जीएनएमवाल्यांची नोंद नर्स आणि मिडवाइफ अशी दुहेरी होते, एएनएमची वेगळी. हा नंबर हातात येईपर्यंत मुलगी कायद्यानं नर्स नाही. सरकारी अर्जात त्याचा रकाना असतो, आणि बरं खासगी रुग्णालयही मुलाखतीत आधी तोच मागतं. २०२३ साली संसदेनं राष्ट्रीय परिचर्या आयोगाचा कायदा केला, त्यामुळे दिल्लीतली रचना बदलते आहे. तुमचा अर्ज मात्र राज्याच्याच दारातून जातो. राज्याची नोंदणी झाली की देशपातळीच्या नोंदवहीतला 'एनयूआयडी' क्रमांकही काढून घ्यावा.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. अवघड त्यात काही नाही, अडतं ते नावापाशी. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आईचं वेगळं. आधारवर क्रम उलटा. पूनमच्या स्पेलिंगमध्ये एका कागदावर दोन ओ, दुसऱ्यावर यू. वडील एका कागदावर 'भाऊराव', दुसऱ्यावर नुसते 'भाऊ'. आपल्याकडे शेवटच्या वर्षाला असतानाच साखरपुडा आणि निकालाआधी हळद, त्यामुळे काही मुलींचं आडनावही मधेच बदललेलं असतं. माझा सल्ला सरळ आहे: शिक्षणाच्या कागदांवर जे नाव आहे त्याच नावानं नोंदणी करा. लग्नानंतरचं नाव हवंच असेल तर राजपत्रात बदल करून, सावकाश. आणि लॅमिनेशन करू नका. परदेशी जायची वेळ आली की लॅमिनेट केलेल्या मूळ कागदावर साक्षांकन होत नाही. नानांची फाइल पाहून मला आधी तेच बोलावंसं वाटलं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक बघून तेव्हा गप्प बसलो.

नोंदणी एकदा झाली की आयुष्यभराची, असंही नाही. दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं आणि त्यासाठी कार्यशाळा, प्रशिक्षणं केल्याचे श्रेयांक दाखवावे लागतात. पहिल्या वर्षापासून ती प्रमाणपत्रं एका पाकिटात ठेवत जा.

आता नोकरी. पालकांचा पहिला प्रश्न पगाराचा असतो, आणि तो मी तिसऱ्या नंबरला ढकलतो. पहिला प्रश्न: रुग्णालय किती खाटांचं? दुसरा: अनुभवाचं पत्र देतात का, आणि त्यावर काय लिहितात?

खाटांचं गणित समजून घ्या. एम्सच्या नर्सिंग ऑफिसर भरतीसाठी 'नॉरसेट' ही सामाईक परीक्षा २०२० पासून होते. बी.एस्सी.वाल्यांना ती थेट देता येते. जीएनएम झालेल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. गावातल्याच डॉक्टरांच्या १५ खाटांच्या नर्सिंग होममध्ये "घराजवळ आहे, रात्री वडील घ्यायला येतात" म्हणून काढलेली दोन वर्षं तिथं शून्य धरली जातात. अशी वर्षं वाया गेलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, आणि त्यांना ते कळलं अर्ज भरताना. म्हणून पत्रावर खाटांची संख्या, विभाग, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख हवी. पगार रोखीनं पाकिटात न घेता बँकेत घ्या. पीएफ कापत असतील तर कुरकुर करू नका. उद्या अनुभवावर शंका आली तर तोच पुरावा उपयोगी पडतो. मूळ प्रमाणपत्रं मात्र कुणाकडेही ठेवू नका. पाहून, झेरॉक्स घेऊन परत केली तर ठीक. "एक वर्ष सोडणार नाही म्हणून ओरिजिनल इथंच राहू द्या" म्हणाले तर उठून या.

खाटा जास्त असायला हव्यात त्याचं खरं कारण अर्ज नाहीच. धुळं मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या नाक्यावर आहे. अपघाताचे रुग्ण रात्री-बेरात्री येतातच. भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा मोराण्याच्या एसीपीएममध्ये वर्षभरात जे बघायला मिळेल ते छोट्या ठिकाणी दहा वर्षांत मिळणार नाही. जळगावला शासकीय महाविद्यालय २०१८ मध्ये सुरू झालं आणि जुनं सिव्हिल त्याला जोडलं गेलं. भुसावळ रस्त्याला डॉ. उल्हास पाटील महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

पावसाळ्यातली एक रात्र घ्या. कपाशीच्या शेतातून माणूस आणलाय, पायाला काहीतरी चावलंय, साप कुणी पाहिलेला नाही. नवी सिस्टर काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिली रक्त घेते, हलवायचं नाही असं वॉर्डातल्या मामाला बजावून ती नळी उभी ठेवते आणि घड्याळ बघते. २० मिनिटांनी नळी तिरकी केली आणि रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नाही, तर विष रक्तात काम करतंय. मग प्रतिविषाची कुपी डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवायची, तीही हळूच फिरवून. जोरात हलवली की फेस येतो. हे पुस्तकात एका ओळीत आहे. हाताला मात्र तीन-चार रुग्णांनंतरच बसतं, आणि शेजारी कुणीतरी जुनी परिसेविका उभी असेल तरच. इन्सुलिनचंही तसंच. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिटची, केशरी टोपणाची १०० ची. बाटली एक आणि सिरिंज दुसरी घेतली तर डोस अडीचपट चुकतो. पहिल्या सहा महिन्यांत शंका आली की दोनदा विचारावं. ज्या वॉर्डात प्रश्न विचारल्यावर खेकसतात तो वॉर्ड नवख्यांसाठी वाईट, पगार कितीही असो.

आणि एक गोष्ट कुठल्याच अर्जात लिहायची नसते. "माले चक्कर येस" म्हणणाऱ्या आजीला अहिराणीत उत्तर देणारी सिस्टर मिळाली की आजी पुढचं खरं सांगते, की गोळी चार दिवसांपासून घेतलेलीच नाही. इंग्रजी शिकायच्या नादात आपल्या मुली अहिराणी बोलायला लाजतात. खानदेशात तेच मोठं हत्यार आहे.

पगाराचं म्हणाल तर खासगीतला पहिला आकडा ऐकून घरचे खट्टू होतातच, आणि त्यांचं चुकत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीनं ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही किमान २०,००० रुपये द्यावेत, २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतकाच पगार द्यावा, अशी शिफारस केली. ती कागदावर आहे. मुलाखतीत हा आकडा माहीत असलेली मुलगी निदान मान खाली घालून बसत नाही.

सरकारी वाटा तीन. राज्याच्या सेवेत अधिपरिचारिका: वेतनस्तर एस-१३, मूळ वेतन ३५,४०० पासून. केंद्राच्या रुग्णालयांत आणि एम्समध्ये सातवा स्तर, मूळ ४४,९००. रेल्वेतही तोच, भुसावळच्या लोकांना रेल्वेच्या नोकरीचं महत्त्व मी सांगायला नको. तिसरी वाट आरोग्य अभियानाची, कंत्राटी. त्यात उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून बी.एस्सी. नर्सिंगवाल्यांना संधी आहे; राज्यात २५,००० ठरलेले आणि कामगिरीनुसार १५,००० पर्यंत, अशी रचना आहे. सातपुड्याच्या कुशीतलं उपकेंद्र मिळालं तर सिकलसेल, कुपोषण, घरच्या बाळंतपणाचे हट्ट, सगळं एकटीनं सांभाळावं लागतं. धीट मुलीसाठी उत्तम. पण कंत्राट म्हणजे कंत्राट, "पुढं कायम होईल" या आशेवर बाकीचे अर्ज सोडू नयेत.

वयाकडेही बघा. राज्यात खुल्या गटाला ३८ पर्यंत मुभा, एम्सच्या परीक्षेला मात्र ३० च. म्हणजे पदवीनंतरची पहिली चार-पाच वर्षं महत्त्वाची. नोकरी करत अभ्यास करा. नोकरी सोडून पुण्याला क्लास लावायची गरज मला तरी दिसत नाही. एम्सच्या परीक्षेत चुकलेल्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात, तेव्हा अंदाजपंचे उत्तरं देऊ नका. मुलांसाठी एक सूचना: एम्समध्ये ८० टक्के जागा महिलांना आहेत, २० टक्क्यांतली स्पर्धा कडक आहे. तरी अतिदक्षता, ऑपरेशन थिएटर, डायलिसिस इथं ब्रदरना मागणी असते. "पोरगा नर्स?" म्हणणारे मामा-काका ॲडमिट झाले की याच ब्रदरला हाक मारतात.

राखीव जागेवर अर्ज असेल तर जात वैधता आजच मागायला टाका. निवड यादीत नाव येऊन वैधतेअभावी टांगणीला लागणं, विशेषतः आपल्याकडच्या आदिवासी जमातींच्या दाव्यांत, फार जिवाला लागतं. नॉन-क्रिमिलेअरच्या दाखल्याची मुदतही तपासून ठेवा.

सुरत आपल्याला परकं नाही. उधना-लिंबायतमध्ये अर्धा खानदेश राहतो. पण तिथं काम करायचं तर महाराष्ट्राच्या कौन्सिलचा ना-हरकत दाखला घेऊन गुजरातच्या कौन्सिलमध्ये नोंद करावी लागते. आखाती देशांत कागदपत्रांची पडताळणी आणि संगणकावरची परवाना परीक्षा असते, शिवाय बहुधा दोन वर्षांचा अनुभव मागतात. जर्मनीला जायचं तर आधी भाषा. बी-२ पातळी गाठायला मेहनत पडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून गल्लोगल्ली एजंट उगवलेत. व्हिसाआधी लाखात पैसे मागणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

नानांच्या मुलीचा नंबर आला. ती आता जळगावात नवजात शिशू विभागात आहे, आठवड्याला दोन नाईट.

ज्यांची मुलगी अजून बारावीत आहे त्यांच्यासाठी एवढंच. "सहा महिन्यांत नर्सिंग, नोकरीची हमी" असे फलक चाळीसगावपासून शिरपूरपर्यंत लागतात. त्या प्रमाणपत्रावर कौन्सिलची नोंदणी होत नाही. प्रवेशाआधी कॉलेजात जा आणि तीन गोष्टी मागा: कौन्सिलची चालू वर्षाची मान्यता, विद्यापीठाची किंवा मंडळाची संलग्नता, आणि मुली प्रत्यक्ष काम करतात त्या रुग्णालयाचं नाव. बी.एस्सी.साठी ते १०० खाटांचं असायला हवं. मग त्या रुग्णालयात दुपारी चार वाजता स्वतः जाऊन खाटांवर रुग्ण आहेत का ते बघा. खाटा रिकाम्या दिसल्या किंवा कागद दाखवायला टाळाटाळ झाली, तर फी न भरता परत या.