वाचनाची यादी आणि अध्यापकांची परिषद : अमेरिकेतील इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेचा इतिहास

शिक्षकांची संघटना म्हटली की वेतनश्रेणी, सेवाशाश्वती आणि बदल्या हेच विषय सामान्यतः डोळ्यांसमोर येतात. संघटनांच्या इतिहासाचा मोठा भाग या प्रश्नांनीच व्यापलेला असल्यामुळे त्यात वावगे असे काही नाही. परंतु एखाद्या विषयाच्या अध्यापनाभोवती उभ्या राहिलेल्या संघटनांचा इतिहास काहीसा निराळा असतो, आणि साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे जितके लक्ष द्यावयास हवे तितके दिलेले दिसत नाही. अमेरिकेतील ‘नॅशनल कौन्सिल ऑफ टीचर्स ऑफ इंग्लिश’ ही परिषद डिसेंबर १९११ मध्ये शिकागो येथे स्थापन झाली, ती पुस्तकांच्या एका यादीवरून झालेल्या वादातून. शाळेतील मुलाने कोणते साहित्य वाचावे हे कोणी ठरवायचे, हा त्या वादाचा गाभा होता. पुढील शंभर वर्षांत परिषदेने जे काही केले, त्यातील महत्त्वाचा भाग या एका प्रश्नाच्या आधारे समजून घेता येतो.

या यादीचा उगम मोठा मौजेचा आहे. १८७३–७४ च्या सुमारास हार्वर्डने प्रवेशेच्छू विद्यार्थ्यांसाठी एक लहानसा इंग्रजी निबंध आवश्यक केला आणि त्याचा विषय पूर्वी जाहीर केलेल्या ग्रंथांतून निवडला जाईल असे ठरविले. १८७४ सालासाठी नेमलेल्या ग्रंथांत शेक्सपिअरची काही नाटके, गोल्डस्मिथची ‘व्हिकार ऑफ वेकफील्ड’ आणि स्कॉटची ‘आयव्हॅन्हो’ यांचा समावेश होता. साहित्याचा अभ्यास व्हावा हा यामागील मूळ हेतू नव्हता. शुद्धलेखन, विरामचिन्हे, व्याकरण आणि वाक्यरचना तपासण्यासाठी विद्यार्थ्याला लिहावयास काही तरी विषय हवा, एवढाच त्यामागे विचार होता. पण परीक्षेत आलेले पुस्तक शाळेत शिकवावेच लागते. लॅटिन आणि ग्रीक यांचे वर्चस्व असलेल्या अभ्यासक्रमात इंग्रजी साहित्याला एक स्वतंत्र विषय म्हणून जागा मिळाली ती बव्हंशी या मागच्या दाराने. तेव्हा ज्या यादीविरुद्ध पुढे शिक्षकांनी बंड केले, तिनेच त्यांच्या विषयाला प्रथम प्रतिष्ठा मिळवून दिली होती, हे विसरून चालणार नाही.

हार्वर्डचे अनुकरण इतर महाविद्यालयांनी केले आणि प्रत्येकाची यादी निराळी निघू लागली. एकाच वर्गातील मुलांना निरनिराळ्या याद्यांप्रमाणे तयार करणे शाळांना अशक्य होऊ लागले. म्हणून १८९४ पासून प्रवेशाच्या अटींत एकसूत्रीपणा आणण्यासाठी एक राष्ट्रीय मंडळ काम करू लागले. त्याने केलेल्या याद्यांचे दोन भाग असत : काही ग्रंथ सामान्य वाचनासाठी, काही सूक्ष्म अभ्यासासाठी. दुसऱ्या भागात ‘मॅकबेथ’, मिल्टनच्या लहान कविता, अमेरिकेशी समेट करण्याविषयीचे बर्कचे भाषण आणि मेकॉलेचे निबंध वर्षानुवर्षे ठाण मांडून बसले. बर्क आणि मेकॉले यांची नावे एकोणिसाव्या शतकातील मुंबई विद्यापीठाच्या पदवीधरांनाही अपरिचित नव्हती. तेथेही मॅट्रिकच्या परीक्षेने शाळेच्या अभ्यासक्रमाला आपल्या साच्यात ओतले होते, आणि विद्यापीठीय परीक्षांत मराठीला स्थान मिळावे म्हणून न्यायमूर्ती रानडे यांना दीर्घकाळ प्रयत्न करावे लागले होते. साम्राज्याच्या अंकित असलेल्या विद्यापीठात आणि स्वतंत्र प्रजासत्ताकातील महाविद्यालयांत परीक्षेचे हे बळ इतके सारखे असावे, याची तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने नोंद घ्यावयास हवी.

एकसूत्री याद्यांनी गोंधळ मिटला, पण मूळ दुखणे वाढले. अमेरिकेतील सार्वजनिक माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांची संख्या १८९० साली सुमारे २ लाख होती. १९१० साली ती ९ लाखांच्या वर गेली. यांपैकी महाविद्यालयात जाणारे थोडेच होते. उरलेल्यांत नव्याने येऊन वसलेल्या कुटुंबांची मुले होती, गिरणी-कारखान्यांत जाणारी होती, घरी इंग्रजी न बोलणारी होती. तरीही वर्गात बर्कचे भाषण सर्वांनाच शिकवावे लागे, कारण त्यातील मूठभरांना प्रवेशपरीक्षेला बसावयाचे असे. न्यूयॉर्क शहरातील शिक्षकांनी या पद्धतीविरुद्ध विशेष जोराने तक्रार केली, यात नवल नाही. ती तक्रार शेक्सपिअर किंवा मिल्टन यांच्याविरुद्ध नव्हती. समोर बसलेल्या मुलाला न पाहताच दूरच्या एका समितीने त्याचे वाचन ठरवावे, हे त्यांना मान्य नव्हते.

मिशिगन विद्यापीठातील प्राध्यापक फ्रेड न्यूटन स्कॉट यांनी १९०१ साली या व्यवस्थेला सरंजामी म्हटले होते. वर महाविद्यालय, खाली शाळा आणि आज्ञा केवळ वरून खाली येणारी, हे चित्र बदलून दोहोंत सजीव, सेंद्रिय नाते निर्माण व्हावे, अशी त्यांची मांडणी होती. स्कॉट हे स्वतः विद्यापीठातील विद्वान होते. १९०७ साली ते ‘मॉडर्न लँग्वेज असोसिएशन’चे अध्यक्ष झाले होते. या संस्थेचा येथे उल्लेख करणे अपरिहार्य आहे. १८८३ साली ग्रीक-लॅटिनच्या मक्तेदारीला आव्हान देत आधुनिक भाषांच्या प्राध्यापकांनी ती स्थापन केली, तेव्हा अध्यापनाची चर्चा तिच्या अधिवेशनांत आवर्जून होत असे. संशोधनाची प्रतिष्ठा वाढत गेली तसतशी ती चर्चा मागे पडली, आणि १९०३ मध्ये तिचा अध्यापनविषयक विभागच बंद झाला. शाळेतील शिक्षकाला त्या विद्वत्सभेत बोलण्यासारखे काही उरले नाही. आठ वर्षांनी स्थापन झालेल्या नव्या परिषदेचे पहिले अध्यक्ष पुन्हा स्कॉट हेच होते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

स्थापनेचे प्रत्यक्ष काम जेम्स फ्लेमिंग होसिक यांनी केले. ‘नॅशनल एज्युकेशन असोसिएशन’च्या इंग्रजी विभागाने प्रवेशाच्या अटींसंबंधी नेमलेल्या समितीचे ते प्रमुख होते. विखुरलेल्या स्थानिक संघटनांना एकत्र आणल्याशिवाय महाविद्यालये दाद देणार नाहीत, हे त्यांनी ओळखले. न्यू इंग्लंडमध्ये अशी संघटना १९०१ पासूनच काम करीत होती. १ आणि २ डिसेंबर १९११ रोजी शिकागोत भरलेली बैठक लहानशीच होती, परंतु जानेवारी १९१२ पासून ‘इंग्लिश जर्नल’ हे नियतकालिक सुरू झाले आणि त्यामुळे परिषदेला बैठकीबाहेरचे आयुष्य लाभले. लहान गावातील एकट्या शिक्षकाला आपल्या वर्गातील अनुभव ज्ञान म्हणून मांडता येईल अशी जागा प्रथमच निर्माण झाली. परिषदेच्या सर्व ठरावांपेक्षा या नियतकालिकाचे कार्य अधिक मोलाचे मानावे लागेल.

यादीविरुद्धचा लढा वरवर पाहता यशस्वी झाला. १९१६ पासून ठरावीक ग्रंथांवर न बेतलेली सर्वसाधारण परीक्षा देण्याचा पर्याय विद्यार्थ्यांना मिळाला, आणि १९३१ साली एकसूत्री याद्यांची पद्धत संपुष्टात आली. मात्र वर्गातील वाचन तितक्या सहजासहजी बदलले नाही. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत सर्वाधिक शिकविल्या जाणाऱ्या ग्रंथांत ‘मॅकबेथ’, ‘ज्यूलियस सीझर’ आणि जॉर्ज एलियटची ‘सायलस मार्नर’ हीच नावे ठळकपणे आढळली. आज्ञा करणारे मंडळ विसर्जित होऊन तीन दशके लोटली होती, तरी आज्ञापालन चालूच होते. छापील आवृत्त्या, टिपा, शाळेच्या कपाटात रचून ठेवलेल्या प्रती आणि शिक्षकाचे स्वतःचे शिक्षण यांनी यादीची जागा घेतली होती. अभिजात ग्रंथांच्या परंपरेविषयी बोलताना समीक्षक अभिरुचीची आणि मूल्यांची चर्चा करतात; शाळेच्या कपाटाची चर्चा क्वचितच होते.

परिषद याद्यांच्याच विरुद्ध होती असे मात्र समजू नये. तिने स्वतः अनेक याद्या केल्या. त्यांतील एक विशेष उल्लेखनीय आहे. शिकागोतील ग्रंथपाल शार्लमे रॉलिन्स यांनी तयार केलेली ‘वी बिल्ड टुगेदर’ ही मार्गदर्शिका परिषदेने १९४१ साली प्रसिद्ध केली. कृष्णवर्णीयांचे जीवन विकृत न करता दाखविणारी कोणती पुस्तके मुलांच्या हाती द्यावीत, हे सांगणारी ती यादी होती. प्रवेशपरीक्षेची यादी दार बंद करण्यासाठी होती. ही यादी ग्रंथालयाच्या फळीवर जे नव्हते ते दाखवून देत होती. १९६२ मध्ये परिषदेने विद्यार्थ्याच्या वाचनाच्या हक्काचे निवेदन काढून पुस्तकांवरील बंदीच्या मागण्यांना उत्तर दिले, तेही याच वाटेवरचे पाऊल होते.

मधल्या काळातील अहवाल, अभ्यासक्रम आणि शासकीय अनुदानासाठी केलेले प्रयत्न यांचा तपशील येथे देण्याचे कारण नाही. दोन गोष्टी तेवढ्या नोंदवावयास हव्यात. १९६३ साली परिषदेने प्रसिद्ध केलेल्या लेखनविषयक संशोधनाच्या आढाव्यात, औपचारिक व्याकरण शिकविल्याने लेखन सुधारते या समजुतीला आधार मिळत नाही, उलट सरावाचा वेळ जाऊन हानीच संभवते, असा निष्कर्ष निघाला. आणि १९६६ च्या उन्हाळ्यात डार्टमथ महाविद्यालयात अमेरिकन व ब्रिटिश अध्यापकांचे जे दीर्घ चर्चासत्र झाले, त्यात परिषदेबरोबर ‘मॉडर्न लँग्वेज असोसिएशन’ही सहभागी होती. अध्यापनाचा विभाग बंद करणारी संस्था साठ वर्षांनी त्या प्रश्नाकडे परतली, तीही शाळाशिक्षकांच्या परिषदेच्या सोबतीने.

खरी कसोटी पुढे लागली. परिषदेचेच एक अंग असलेली आणि महाविद्यालयीन लेखनाच्या अध्यापकांना एकत्र आणणारी शाखा १९४९ पासून काम करीत होती. तिने १९७४ साली विद्यार्थ्यांना आपापल्या बोलीचा हक्क आहे असा ठराव केला. प्रमाण अमेरिकन इंग्रजी ही श्रेष्ठ भाषा नसून एका सामाजिक गटाने इतरांवर गाजविलेल्या वर्चस्वाचे ते रूप आहे, असा त्यामागील युक्तिवाद होता. महाविद्यालयाने शाळेवर सत्ता गाजवू नये असे म्हणत जन्मलेल्या परिषदेला आता तिच्याच सभासदांनी विचारले, की वर्गात तुमची सत्ता कोणावर चालते? त्याच वर्षी मूळ परिषदेने जो ठराव केला तो सौम्य होता : बोलीचा हक्क मान्य, पण लिखित प्रमाणभाषेचे संकेत शिकण्याची संधीही विद्यार्थ्याला मिळाली पाहिजे. हा दुबळा समझोता होता असे अनेकांनी म्हटले. तो व्यवहार्य होता असे म्हणणेही शक्य आहे, कारण मुलाच्या बोलीचा सन्मान करणारा शिक्षक त्याला अर्ज लिहावयास शिकविणार नसेल, तर त्या सन्मानाची किंमत मुलालाच मोजावी लागते. ग्रामीण आणि दलित साहित्याच्या निमित्ताने प्रमाण मराठीविषयी झालेला वाद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा पेच परका वाटणार नाही. मराठीतील तो वाद मुख्यतः लेखक-समीक्षकांनी चालविला. अमेरिकेत तो लेखन शिकविणाऱ्यांनी, निबंधाच्या वहीवर लाल खूण करणाऱ्या हाताविषयीच शंका घेऊन, सुरू केला. (याच सुमारास परिषदेने सार्वजनिक जीवनातील फसव्या भाषेसाठी एक उपरोधिक पुरस्कारही सुरू केला. १९७४ चा पहिला मान बॉम्बफेकीला हवाई साहाय्य म्हणा असा आग्रह धरणाऱ्या एका लष्करी अधिकाऱ्याला मिळाला. व्याकरणशिक्षकांना असा विनोद सुचावा, हे सुचिन्हच म्हणावे लागेल.)

१९९६ मध्ये परिषदेने वाचन-अध्यापकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेबरोबर इंग्रजी भाषाशिक्षणाची १२ उद्दिष्टे प्रसिद्ध केली. त्यांत विद्यार्थ्याने अनेक काळांतील व अनेक प्रकारचे साहित्य वाचावे असे म्हटले होते. एकाही ग्रंथाचे नाव दिलेले नव्हते. ती फार संदिग्ध आहेत अशी टीका झाली. या प्रकल्पाचे केंद्रीय अनुदान त्याआधीच, १९९४ साली, बंद झाले होते. परिषदेला मात्र तिच्या जन्मकथेशी इमान राखून दुसरे काही करता आले असते असे वाटत नाही. नंतर २०१० साली राज्यांच्या राज्यपालांच्या आणि शिक्षणप्रमुखांच्या संघटनांनी पुढाकार घेऊन जी समान मानके तयार करविली, त्यांचे लेखन परिषदेच्या हाती नव्हते. मसुद्यावर अभिप्राय देणे एवढेच तिच्या वाट्याला आले. त्या मानकांना नमुनादाखल ग्रंथांची एक पुरवणी जोडलेली आहे. ती केवळ उदाहरणादाखल आहे, सक्तीची नाही, असे तिच्या कर्त्यांनी स्पष्ट केले. शाळांनी आणि प्रकाशकांनी तिच्याकडे खरेदीची यादी म्हणून पाहिल्याच्या तक्रारी तरीही झाल्या. नववी-दहावीच्या नाट्यविभागात तीत ‘मॅकबेथ’ आहे.