पदकानं गुन्हा धुतला जात नाही

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शिक्षण पुण्यात झालं, नोकरी इंग्लंडमध्ये करते. माझ्याकडे जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुली बऱ्याच येतात. मनगट, टाच आणि कंबर ही त्यांची नेहमीची दुखणी. ती बरी करता करता या खेळाबद्दल आणि तो शिकवणाऱ्यांबद्दल जे कळत गेलं, ते सांगते आहे.

१. उत्तराआधी मुलीची नजर बघा.
‘दुखतंय का गं?’ असं विचारलं की नऊ-दहा वर्षांची मुलगी आधी सोबतच्या प्रशिक्षकाकडे बघते आणि मग ‘नाही’ म्हणते. मनगटावर बोट टेकवलं की हात मात्र झटकन मागे घेते. अशा वेळी मी प्रशिक्षकाला बाहेर बसवते आणि आईला आत ठेवते. मग कधीपासून दुखतंय, व्हॉल्टवर हात टेकताना किती कळ येते, सगळं भडाभडा बाहेर पडतं. दुखणं लपवायला मूल आपणहून शिकत नाही, ते त्याला कुणीतरी शिकवलेलं असतं.

२. शिस्त कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो, हे स्वच्छ दिसतं.
‘उतरताना गुडघे जुळव, पुन्हा कर,’ ही शिस्त. पाणी पिऊ न देणं, लघवीला न सोडणं, सगळ्यांसमोर वजन करून हिणवणं, स्प्लिटमध्ये रडणाऱ्या मुलीला जोर लावून खाली दाबणं, हा छळ. ब्रिटिश जिम्नॅस्टिक्समधल्या तक्रारींची चौकशी ॲन व्हाइट या वकील बाईंनी केली आणि त्यांचा अहवाल जून २०२२ मध्ये आला. चारशेहून अधिक लोकांनी आपलं म्हणणं कळवलं होतं. त्यात अशाच गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. दोन-चार तापट माणसांवर ढकलून मोकळं व्हावं इतकं ते प्रकरण लहान नव्हतं.

३. धाकामुळे दुसऱ्या नराधमाला वाट मिळते.
अमेरिकेच्या मुलींची राष्ट्रीय शिबिरं टेक्ससमध्ये, बेला आणि मार्ता कॅरोली या प्रशिक्षक दांपत्याच्या रँचवर होत. आईवडिलांना तिथे मज्जाव होता आणि खाण्यापिण्यावर प्रशिक्षकांची करडी नजर होती. तिथे गोड बोलणारा, चोरून खाऊ देणारा माणूस म्हणजे संघाचा डॉक्टर लॅरी नासर. उपचारांच्या नावाखाली तो मुलींवर लैंगिक अत्याचार करत राहिला. २०१८ मध्ये दीडशेहून अधिक जणींची निवेदनं ऐकून मिशिगनच्या न्यायालयानं त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा ठोठावली. भुकेल्या आणि भेदरलेल्या मुलींचा विश्वास मिळवणं त्याला सोपं गेलं, कारण त्यांना आधी तसं करून ठेवलेलं होतं.

४. तक्रार लेखी करा आणि एकाच दारावर थांबू नका.
नासरबद्दलच्या तक्रारी अमेरिकन जिम्नॅस्टिक्स संघटनेपर्यंत आणि एफबीआयपर्यंत २०१५ च्या उन्हाळ्यात पोहोचल्या होत्या. तरीही सप्टेंबर २०१६ पर्यंत तो मिशिगन स्टेट विद्यापीठात रुग्ण तपासत होता. त्याच्या अत्याचाराला बळी पडलेल्या रेचेल डेनहॉलंडर यांनी वृत्तपत्रातून नावानिशी तोंड उघडलं, तेव्हा कुठे चक्रं फिरली. म्हणून मी मुलीचे शब्द जसेच्या तसे तारखेसह लिहून ठेवते आणि क्लबबरोबरच स्थानिक प्रशासनाच्या बालसंरक्षण विभागालाही कळवते. असं कळवल्यावर एका क्लबनं माझ्याकडे मुली पाठवणंच बंद केलं. मी कळवणं बंद केलेलं नाही.

५. ‘पण पदकं तर आली ना?’ हा बचाव होऊ शकत नाही.
सोव्हिएत संघाची एलेना मुखिना १९७८ ची जगज्जेती. पाय मोडला, तो पुरता सांधलाही नव्हता, तरी तिला सरावाला जुंपलं. १९८० मध्ये, मॉस्को ऑलिंपिक तोंडावर आलेलं असताना, एका धोकादायक उडीत तिची मान मोडली. पुढचं सारं आयुष्य, २००६ पर्यंत, तिनं लुळेपणात काढलं. उलट अमेरिकेच्या सिमोन बाइल्सनं टोकियो ऑलिंपिकमध्ये हवेतला अंदाज चुकतोय हे ओळखून माघार घेतली आणि २०२४ मध्ये पॅरिसला, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, सर्वसाधारण विजेतेपदाचं सुवर्ण जिंकलं. ‘आज नको’ म्हणण्याची मुभा असली की खेळाडू टिकते, हे माझ्या टेबलावर मी रोज बघते.

६. जाब विचारायचा तर परिणाम दिसला पाहिजे.
शाब्दिक आणि मानसिक छळाबद्दल अमेरिकन प्रशिक्षक मॅगी हॅनी यांच्यावर २०२० मध्ये आठ वर्षांची बंदी आली. पुढे लवादानं ती पाचवर आणली, तरी निव्वळ बोलण्या-वागण्यासाठी इतकी मोठी शिक्षा होऊ शकते, हे सगळ्या जिममध्ये पोहोचलं. ब्रिटनमध्ये २०२३ पासून प्रशिक्षकांना मुलींचं वजन करायला मनाई आहे. ते फक्त पात्र तज्ज्ञानं आणि तेही संमती घेऊन करायचं. असा लेखी नियम हातात असला की पालकाला वाद घालत बसावं लागत नाही.

७. प्रवेश घेण्याआधी तीन प्रश्न विचारा.
पुण्या-ठाण्याहून मैत्रिणी फोन करतात, ‘लेकीला जिम्नॅस्टिक्सला घालू का?’ मी म्हणते, जरूर घाला, देखणा खेळ आहे. पण आधी विचारा: सराव कधीही येऊन बघता येईल का? दुखापतीनंतर पुन्हा कधी सुरू करायचं, हे डॉक्टर ठरवणार की प्रशिक्षक? आणि प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार असेल तर ती ऐकणारं त्याच्या वर कोण आहे? चांगला प्रशिक्षक या प्रश्नांनी दुखावत नाही. आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा आहे. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्या प्रत्येकानं ती पोलिसांना कळवणं त्यानं बंधनकारक केलं आहे. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइनही आहे.

आजवर दर वेळी मुलींनाच धीर गोळा करून, अनेकदा मोठेपणी, न्यायालयात उभं राहावं लागलं. ती वेळ त्यांच्यावर येऊ न देणं हे आपलं, मोठ्यांचं काम आहे, आणि ते पहिल्या शंकेलाच सुरू झालं पाहिजे.