मनाची उलटतपासणी

भावना असणे निराळे आणि भावनेने आपल्याला फरफटत नेणे निराळे. ‘त्याने मला राग आणला’ असे आपण सहज म्हणतो. हे विधान कितपत खरे आहे, ते येथे पाहू.

आपल्या गेवराई तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे. तिच्या पलीकडे, आजच्या जालना जिल्ह्यातील जांब येथे १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांनी २०५ मनाचे श्लोक रचले. त्यांत ते मनाला हाक मारून बोलतात. जो मनाशी बोलतो, तो मनापासून थोडा दूर उभा राहतो. आत्मपरीक्षणाची सुरुवात हीच होय.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. डॉ. कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत आणली. घटनेतून थेट भावना निर्माण होत नाही, मध्ये आपला विचार असतो, हे तिचे सूत्र. दोन विद्यार्थी एकाच विषयात नापास होतात. एक खिन्न होतो, पण पुन्हा अभ्यासाला लागतो. दुसरा घराबाहेर पडत नाही. घटना एकच, पण पहिला म्हणतो, ‘मला यश मिळावे’, तर दुसरा म्हणतो, ‘मला यश मिळालेच पाहिजे, नाहीतर मी नालायक!’ एका ‘च’ने इच्छेचा हट्ट होतो. ज्या घरातून पहिलाच मुलगा कॉलेजात आलेला असतो, त्याच्या मनात हा ‘च’ फार लवकर शिरतो.

मग सारे दोष मनाचेच का? तसे नव्हे. पावसाअभावी कापूस वाळला तर शेतकऱ्याला होणारे दुःख खरेच आहे. त्याला ‘विचार बदला’ म्हणणे ही क्रूरता ठरेल. अन्यायाची चीडही योग्यच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यामागे संताप होता. पण तो विवेकाने तपासलेला, म्हणूनच शिस्तबद्ध होता.

म्हणून भावना दाबू नये, तिला प्रश्न विचारावेत: तू कोणत्या विचारातून आलीस? त्या विचाराला पुरावा काय? तुझे ऐकून माझे वा इतरांचे भले होईल काय? या प्रश्नांना जी भावना टिकेल, तिच्यामागे खुशाल जावे. जी टिकणार नाही, तिला मनातून निरोप द्यावा. पुस्तकी परीक्षा वर्षातून ठरावीक वेळीच येते, ही मात्र रोजची आहे. आणि तिच्यात परीक्षक व परीक्षार्थी आपणच असतो.