शिवसागरात लाँचने फिरताना : काय करावे, काय टाळावे

सातारा-सांगलीला समुद्र नाही, पण पाण्याची कमतरताही नाही. कोयना धरणामागे अडलेला शिवसागर जलाशय सुमारे 50 किलोमीटर लांब आहे आणि त्यात 105.25 टीएमसी पाणी मावते. बामणोली आणि तापोळ्याहून लाँच सुटतात. मुनावळ्याला मार्च 2024 मध्ये जलपर्यटन केंद्र सुरू झाले आणि तिथे वेगवान बोटीही आल्या. थंडीतल्या शनिवार-रविवारी वासोटा किल्ल्याच्या पायथ्याशी लाँचला लाँच लागलेली असते.

समुद्र नाही म्हणजे धोका नाही, असे मानून येणारे पुष्कळ आहेत. पण हा गावतळ्यासारखा उथळ साठा नव्हे. ही पाण्याखाली गेलेली दरी आहे. काठावरचा उतार पाण्यातही तसाच खाली जातो आणि चार पावलांत तळ सुटतो. म्हणून ही यादी.

निघण्याआधी

करावे

- सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ निवडा. तेव्हा जलाशय भरलेला असतो आणि लाँच गावाजवळच लागते. वासोटा पावसाळ्यात बंद असतो. तो उघडल्याची खात्री करूनच बेत आखा.
- साताऱ्याहून कासमार्गे बामणोली सुमारे 35 किलोमीटर आहे. कासची फुले बहरात असताना सुट्टीच्या दिवशी हा रस्ता तुंबतो. पहाटे निघा, नाहीतर आदल्या रात्री बामणोलीत मुक्काम करा.
- वासोट्याला जाणार असाल तर वनविभागाची परवानगी आधी घ्या. सर्वांची ओळखपत्रे जवळ ठेवा. बोटीचे भाडे आणि वनविभागाचे शुल्क वेगवेगळे असते.
- भाडे पूर्ण लाँचचे की माणशी, थांबण्याचा वेळ किती, उशीर झाला तर जादा किती, हे बसण्याआधी ठरवा. किनाऱ्यावर परतल्यावर होणारी निम्मी भांडणे याच तीन गोष्टींवरून होतात.
- रोख पैसे ठेवा. दरीत मोबाइलची रेंज कधी असते, कधी नसते. घरच्यांना परतीची वेळ सांगून निघा.

टाळावे

- एप्रिल-मेमध्ये दुपारची सफर टाळा. वळवाचे वारे सांगून येत नाहीत. 21 मे 2024 रोजी उजनीच्या पाण्यात कळाशी-कुगाव प्रवासी बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहाजण बुडाले. तेही धरणाचेच पाणी होते.
- स्वतःची फुगवायची बोट किंवा कयाक घेऊन परस्पर पाण्यात उतरू नका. जलाशय जलसंपदा विभागाचा आहे आणि पश्चिमेचा बराचसा काठ कोयना अभयारण्याचा, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा.
- ‘धरणाच्या भिंतीपर्यंत नेता का?’ असे विचारू नका. भिंतीजवळचे पाणी प्रतिबंधित आहे.

धक्क्यावर

करावे

- लाँचवर नोंदणी क्रमांक आणि प्रवासीक्षमता लिहिली आहे का, ते पाहा. अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 नुसार यांत्रिक बोटीला नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो. ही कागदपत्रे आहेत का, ते विचारा.
- लाइफ जॅकेट मापाचे घ्या आणि सगळे बंद लावा. मग सोबत्याला जॅकेटचे दोन्ही खांदे धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकले तर ते सैल आहे. लहान मुलांना मोठ्यांचे जॅकेट घालू नका. पाण्यात पडल्यावर मूल त्यातून खाली निसटते.
- लाँचचा क्रमांक आणि चालकाचा मोबाइल लिहून घ्या. संध्याकाळी सगळ्या लाँच सारख्याच दिसतात.
- बोटीत एकेक करून चढा, मधोमध पाऊल टाका आणि चालक सांगेल तिथे बसा. वजन सारखे वाटले गेले नाही तर लाँच एका अंगाला झुकते.

टाळावे

- ‘मामा, अजून दोघांना घ्या की, आमचीच माणसं आहेत,’ हा आग्रह करू नका. पाण्याला नाते कळत नाही.
- जॅकेटची उशी किंवा बसकण करू नका. बोट उलटताना ते शोधून अंगात चढवायला कुणालाच वेळ मिळत नाही.

पाण्यावर

करावे

- घड्याळ उलटे मोजा. बामणोलीहून वासोट्याचा पायथा साधारण दीड तास, चढ अडीच तास, उतार दोन तास, परत दीड तास. सकाळी 8 ला निघालात तर वर तासभर थांबून साडेचारपर्यंत परत येता. 10 ला निघालात तर अंधाराशी शर्यत लागते.
- बामणोलीच्या पुढे कोयना, सोळशी आणि कांदाटी यांची पाणी एकत्र येतात. तिथे उघड्या पाण्यावर वारा जास्त लागतो. सगळ्यांनी खाली बसून राहा, टोप्या आणि मोबाइल सांभाळा.
- पाणी उतरलेले असेल तर चालकाला सरळ रेषेत चालव म्हणू नका. बुडालेल्या शेतांचे बांध आणि झाडांची खोडे कुठे आहेत, ते त्याला ठाऊक असते. इथल्या कित्येक चालकांच्या घरची जमीन याच पाण्याखाली आहे.

टाळावे

- सेल्फीसाठी सगळ्यांनी एका बाजूला जाऊ नका. टपावर आणि पुढच्या टोकावर तर मुळीच उभे राहू नका.
- मधेच पोहायला उडी मारू नका. खोल पाणी वरून कोमट लागले तरी खाली गार असते आणि गोड्या पाण्यात शरीर समुद्रापेक्षा कमी तरंगते. समुद्रात पोहणाऱ्यांचाही इथे अंदाज चुकतो.
- दारू नको. प्यायलेला माणूस बोटीत तोल सांभाळू शकत नाही, आणि त्याला वाचवायला दुसऱ्याला उडी घ्यावी लागते.
- दुसऱ्या लाँचशी शर्यत लावू नका आणि चालकाला त्यासाठी चढवू नका. वेगवान बोटीच्या मागे उठणाऱ्या लाटा छोट्या होडीला धोकादायक ठरतात.

लाँचला लाँच लावताना

वासोट्याच्या पायथ्याला, मेट इंदवलीच्या काठावर पक्का धक्का असेलच असे नाही. लाँचचे नाक चिखलात टेकवून दोर बांधतात आणि गर्दीत बोटी शेजारी शेजारी उभ्या राहतात. धक्काबुक्की, दुखापती, वादावादी, सगळे इथेच होते.

करावे

- इंजिन बंद होऊन दोर बांधला जाईपर्यंत बसून राहा.
- शेजारच्या लाँचवरून उतरावे लागले तर तिच्या चालकाला आधी विचारा. चपला-बुटांचा चिखल तिथे सोडून जाऊ नका.
- उतरणाऱ्याला हात देताना त्याचे मनगट धरा. ओल्या हाताचे तळवे निसटतात.
- आपली लाँच बाहेरच्या बाजूला असेल आणि आतल्यांना आधी निघायचे असेल, तर वाट मोकळी करून द्या. परतताना हीच वेळ तुमच्यावर येते.

टाळावे

- दोन बोटींच्या फटीत हात-पाय घालू नका. लाँच ढकलून थांबवायचा प्रयत्न तर नकोच. टनभर वजनापुढे मनगट टिकत नाही.
- पडलेल्या दोराच्या वेढ्यात उभे राहू नका. दोर ताणला की पाय अडकतो.
- मोठा स्पीकर नको. दरीत आवाज लांब जातो, शेजारच्यांचे बोलणे बुडते आणि चालकांच्या हाकाही ऐकू येत नाहीत.

काठावर आणि रानात

करावे

- वनविभागाच्या चौकीवर प्लास्टिकची मोजदाद होते. नेलेली प्रत्येक बाटली आणि पुडी परत आणा.
- गटाने चाला, वाट सोडू नका. या रानात गवे आहेत, अस्वले आहेत. पावसाळ्यानंतर जळवाही असतात. मीठ जवळ ठेवा.
- 1,171 मीटर उंचीच्या वासोट्यावरून बाबूकडा पाहा, पण कड्यापासून लांब उभे राहून. याच गडावर ताई तेलिणीने पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्या फौजेला झुंजवले होते.

टाळावे

- गडावर किंवा अभयारण्यात मुक्कामाचा विचार नको. त्याला परवानगी नाही. मुक्काम बामणोली-तापोळ्यातल्या घरगुती निवासात करा. पैसा गावात राहतो.
- शेकोटी, सिगारेट टाळा. वाळल्या गवताचा वणवा व्हायला एक ठिणगी पुरते.

खाली सांगलीत, कृष्णेवर

कोयनेचे पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीला येते. वरचा विसर्ग वाढला की खालची नदी बदलते.

करावे

- पावसाळ्यात आयर्विन पुलाची पातळी पाहूनच नदीकाठी जा. 40 फूट इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी. 2019 च्या महापुरात ती 57 फुटांच्या वर गेली होती.
- पुरात सुटका करायला आलेल्या बोटीतही जॅकेट मागा आणि दुसऱ्या फेरीची वाट पाहायची तयारी ठेवा. 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये जास्त माणसे बसलेली बोट उलटली आणि त्यात डझनाहून अधिक जीव गेले.
- होड्यांच्या शर्यती घाटाच्या वरच्या पायऱ्यांवरून पाहा.

टाळावे

- बंधाऱ्याच्या जवळ बोट नेऊ नका. सांगली असो की म्हैसाळ, बंधाऱ्यावरून पडणारे पाणी खाली भोवरा करते आणि त्यात पोहणाराही अडकतो.
- औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात बोटीतून हात-पाय पाण्यात सोडून बसू नका. कृष्णेत मगरी आहेत.

अडचण आलीच तर

- कुणी पाण्यात पडला तर एकाने त्याच्याकडे सतत बोट दाखवत राहावे, दुसऱ्याने चालकाला सांगावे, तिसऱ्याने दोर किंवा जादा जॅकेट फेकावे. मागोमाग उडी मारू नये.
- बोट उलटली आणि तरंगत असेल तर तिला धरून राहा. किनारा दिसतो त्यापेक्षा लांब असतो.
- इंजिन बंद पडले तर बसून राहा, जवळून जाणाऱ्या लाँचला हाका मारा, रेंज मिळताच 112 लावा.

शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. ‘आज वारा बरोबर नाही, जायला नको,’ असे लाँचवाल्याने म्हटले तर घासाघीस करू नका आणि दुसरा चालकही शोधत बसू नका. ज्याचा दिवसाचा रोजगार त्या फेरीवर आहे, तोच नाही म्हणतोय. त्याचे ऐका आणि परत फिरा.