बारा फेऱ्या ते सोळा फेऱ्या : महिलांच्या टीम परस्यूटचे विक्रम

होस्टेलच्या टीव्हीवर क्रिकेट सोडून दुसरा खेळ लागला की रिमोटसाठी भांडण ठरलेलंच. त्यामुळे ट्रॅक सायकलिंग आपल्यापैकी बहुतेकांनी सलग चार मिनिटंही पाहिलेलं नसतं. गंमत अशी की या खेळातली एक फार सुंदर शर्यत चार मिनिटांतच आटोपते. तिचं नाव टीम परस्यूट, म्हणजे सांघिक पाठलाग. पहिल्या वर्षाला आपण फ्लुइड मेकॅनिक्सच्या नावाने जे घोकतो, ते या शर्यतीत उघड्या डोळ्यांनी दिसतं. म्हणून हा लेख.

आधी नियम समजून घेऊ. २५० मीटरचा लाकडी, अंडाकृती ट्रॅक. वळणावर तो सुमारे ४२ अंशांनी कललेला असतो. दोन संघ समोरासमोरच्या बाजूंना उभे राहून एकाच वेळी निघतात. सायकलला ब्रेक नाही, गिअर एकच, आणि चाक फिरतंय तोवर पायडलही फिरतच राहणार. संघातल्या मुली एकीमागे एक, चाकाला चाक लावून पळतात. पुढची काही अंतर हवा कापते, मग वळणावर वर चढते, बाकीच्यांना खालून जाऊ देते आणि शेवटी येऊन चिकटते. समोरच्या संघाला गाठलं तर शर्यत तिथेच संपली, नाही तर ज्यांची वेळ कमी ते जिंकले.

पुरुषांची ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये जवळपास शंभर वर्षं जुनी. महिलांना जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ती पहिल्यांदा २००८ साली मँचेस्टरला मिळाली आणि ऑलिम्पिकमध्ये २०१२ साली लंडनला. तीही छोटी करून : पुरुष चार जण ४ किलोमीटर, महिला तिघी ३ किलोमीटर. म्हणजे सोळा फेऱ्यांऐवजी बारा. २०१३ च्या हंगामापासून हा फरक गेला आणि महिलाही चौघी, ४ किलोमीटर पळू लागल्या.

आता विक्रमांचा प्रवास बघा. सरासरी वेग मी कॅल्क्युलेटरवर काढला आहे.

तिघी, ३ किलोमीटर :
२००८, मँचेस्टर, ब्रिटन – ३ मिनिटे २२.४१५ सेकंद (ताशी ५३.४ किमी)
२०१२, लंडन, ब्रिटन – ३ मिनिटे १४.०५१ सेकंद (ताशी ५५.७ किमी)

चौघी, ४ किलोमीटर :
ऑक्टोबर २०१३, आपेलडोर्न, ब्रिटन – ४ मिनिटे २६.५५६ सेकंद (ताशी ५४.० किमी)
डिसेंबर २०१३, आग्वासकाल्येन्तेस, ब्रिटन – ४ मिनिटे १६.५५२ सेकंद (ताशी ५६.१ किमी)
२०१५, पॅरिसजवळ, ऑस्ट्रेलिया – ४ मिनिटे १३.६८३ सेकंद (ताशी ५६.८ किमी)
२०१६, रिओ, ब्रिटन – ४ मिनिटे १०.२३६ सेकंद (ताशी ५७.५ किमी)
२०२१, टोकियो, जर्मनी – ४ मिनिटे ०४.२४२ सेकंद (ताशी ५९.० किमी)

टोकियोत तर दोन दिवसांत हा विक्रम चार वेळा मोडला. जर्मनी, मग ब्रिटन, लगेच पुन्हा जर्मनी, आणि अंतिम फेरीत परत जर्मनी. ब्राउसे, ब्रेनाउअर, क्लाइन आणि क्रोगर या त्या चौघी. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेने सुवर्ण जिंकलं ते ४ मिनिटे ०४.३०६ सेकंदांत. टोकियोच्या वेळेला हात लावायला ०.०६४ सेकंद कमी पडले!

आता खरा अभ्यास. वेळ कमी झाली म्हणजे मुली तेवढ्या ताकदवान झाल्या, असं सरळ म्हणता येतं का? नाही.

पहिला मुद्दा हवेचा. सपाट ट्रॅकवर या वेगाला जो विरोध होतो, त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त हवेचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. आमच्या लाखनीच्या रस्त्यावर शाळेतली मुलगी ताशी १५ किलोमीटरने सायकल चालवत असेल, तर ही मंडळी त्याच्या चौपट वेगात असतात. हवा कापायला लागणारी शक्ती मात्र चौपट नाही, बसण्याची ढब तीच धरली तर चौसष्टपट! म्हणून तर त्या हँडलवर कोपर टेकून, पाठ आडवी करून बसतात. रिओ ते टोकियो वेग फक्त अडीच टक्के वाढला. पण बाकी सगळं तेच धरलं तर त्यासाठी साडेसात टक्के जास्त शक्ती हवी. चांगल्या खेळाडूंकडून पाच वर्षांत एवढी शक्ती नुसत्या व्यायामाने काढणं कठीण. मग उरलेला भाग कुठून येतो? कपड्याच्या शिवणीपासून हेल्मेटपर्यंत सगळीकडून विरोध कमी करून, आणि मोठे गिअर वापरून. उदाहरण घ्या. पुढे ६० दात, मागे १५ दात आणि चाकाचा परीघ २.१ मीटर. पायडलच्या एका फेरीत सायकल ८.४ मीटर जाते. टोकियोच्या वेगाला मिनिटाला सुमारे ११७ फेऱ्या पडतील. गिअर लहान घेतला तर पाय आणखी जोरात पळवावे लागतील.

दुसरा मुद्दा ओळीचा. मागे चालणारीला पुढचीपेक्षा साधारण तीस ते चाळीस टक्के कमी शक्ती लागते. लाखनीत वैशाखात समोरून वारा सुटला की गप्पा मारत जोडीने चाललेल्या मुली आपोआप एकीमागे एक होतात. त्यांना हे कोणी शिकवलेलं नसतं. आता गणित मांडू. पुढचीची शक्ती १ आणि मागचीची ०.६५ धरा. तिघी आळीपाळीने पुढे आल्या तर प्रत्येकीची सरासरी (१ + ०.६५ + ०.६५) भागिले ३, म्हणजे ०.७६७. चौघी असतील तर ०.७३८. म्हणजे तेवढीच ताकद असताना चौथी आली की सुमारे चार टक्के शक्ती वाचते. घनमूळ काढलं की वेग सव्वा टक्क्याने वाढतो. शिवाय वेळ मोजतात ती तिसऱ्या सायकलच्या पुढच्या चाकाची. तिघींच्या संघात तिघींनाही शेवटपर्यंत टिकावंच लागायचं. चौघींच्या संघात एक जण आपली सगळी ताकद आधीच खर्च करून बाजूला होऊ शकते. अंतर वाढूनही वेग वाढला, त्याचं एक कारण हे आहे. दुसरं कारण सुरुवातीचं. उभ्या सायकलवरून वेग घेताना जी सेकंदं जातात, ती बारा फेऱ्यांऐवजी सोळा फेऱ्यांवर वाटली जातात. म्हणून ३ किलोमीटरचे आणि ४ किलोमीटरचे आकडे एकाच आलेखावर काढू नका.

तिसरा मुद्दा जागेचा. २०१३ च्या यादीत ऑक्टोबर ते डिसेंबर अशा दोनेक महिन्यांत दहा सेकंद गेलेली दिसतात. त्यातला बराच भाग नव्या अंतराची सवय होण्याचा. मधे नोव्हेंबरमध्ये मँचेस्टरलाच वेळ ४ मिनिटे १९.६०४ सेकंदांवर आली होती. पुढची तीन सेकंदं मेक्सिकोत गेली. आग्वासकाल्येन्तेस समुद्रसपाटीपासून सुमारे १९०० मीटर उंचावर आहे. तिथली हवा विरळ, म्हणून विरोध कमी. २०१५ ला ऑस्ट्रेलियाच्या एडमंडसन, अंकुडिनॉफ, क्युअर आणि हॉस्किन्स यांनी हाच विक्रम फ्रान्सच्या सखल भागात मोडला. माझ्या मते या यादीतली सगळ्यात वजनदार नोंद तीच, कारण त्यांना विरळ हवेची मदत नव्हती.

हे सगळं वाचून कोणी म्हणेल, “बाप्पा, ब्रिटन-जर्मनीचं आम्हाला काय सांगून राहिला?” तर ऐका. लंडनच्या ज्या ट्रॅकवर २०१२ ला तीन मुलींनी दोन दिवसांत तीनदा विश्वविक्रम मोडला, त्याच ट्रॅकवर बरोबर दहा वर्षांनी, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत, भारताच्या टीम स्प्रिंट संघातून आपल्या भंडारा जिल्ह्याच्या दोन मुली पळाल्या : मयूरी लुटे आणि सुशिकला आगाशे. तिसरी होती बंगालची त्रियाशा पॉल. स्पर्धा बर्मिंगहॅमची होती, पण ट्रॅक सायकलिंग लंडनला झालं. तिथे पदक मिळालं नाही. त्याच वर्षी दिल्लीत आशियाई ट्रॅक स्पर्धेत मात्र या तिघींनी टीम स्प्रिंटचं कांस्य घेतलं होतं.

टीम स्प्रिंटची गोष्टही अशीच आहे. टोकियोपर्यंत महिलांना दोघींचा संघ आणि दोन फेऱ्या, पुरुषांना तिघांचा संघ आणि तीन. पॅरिसला महिलाही तिघी झाल्या. दोन्ही शर्यतींत आधी “मुलींना एवढं पुरे” असं ठरवलं गेलं आणि मग ते बदलावं लागलं. टीम परस्यूटमध्ये काय झालं ते वर आहे : ऑक्टोबर २०१३ ते ऑगस्ट २०२१, आठ वर्षांच्या आत २२.३१४ सेकंद कमी. अंतर कमी ठेवण्याला शरीराचं कारण असतं, तर हा आकडा दिसला नसता.

धानाच्या बांध्यांतून शाळेत जाणाऱ्या मुलीला लाकडी ट्रॅक कुठे भेटणार? पुण्याला बालेवाडीत व्हेलोड्रोम आहे, २५० मीटरचा बंदिस्त ट्रॅक दिल्लीच्या इंदिरा गांधी संकुलात आहे. भंडाऱ्याहून दोन्ही ठिकाणं एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर. म्हणजे ज्या मुलीला हा खेळ करायचा, तिला कोवळ्या वयात घर सोडावं लागतं, आणि ते आई-वडिलांनी मान्य करावं लागतं. सेकंद कमी करण्याआधी हा अडथळा पार करावा लागतो. तो कुठल्याच विक्रमाच्या यादीत दिसत नाही.

आपण इंजिनिअर होणार. पॉवर मीटर, वाऱ्याचा बोगदा, कार्बनची चौकट ही कामं आपल्याच विषयांतली. मेकॅनिकलच्या प्रोजेक्टसाठी पंप आणि गिअरबॉक्स तर दरवर्षी असतातच. एखाद्या गटाने साध्या सायकलवर शक्ती मोजायचं स्वस्त यंत्र करून गावाकडच्या शाळेला द्यावं. ट्रॅक नसला तरी कोणत्या मुलीच्या पायात किती ताकद आहे, हे सरांना शाळेच्या मैदानातच कळेल.

तोवर एक गणित करून बघा. रिओचा आणि टोकियोचा विजेता संघ एकाच वेळी समोरासमोरून सुटले, तर टोकियोवाल्या चौघी ४ किलोमीटर पूर्ण करतील तेव्हा रिओवाल्यांचं किती अंतर बाकी असेल? त्या गाठल्या जातील का? पहिल्याचं उत्तर माझ्या हिशेबाने साधारण ९६ मीटर येतं. दुसऱ्याचं तुम्ही काढा. दोन संघांमधलं सुरुवातीचं अंतर १२५ मीटर असतं, एवढं लक्षात ठेवा.